इमारतीची आगोट

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सोसायटीच्या माजी खजिनदारांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "काका, दहा मिनिटं आठवणी सांगा." आठवणी पुष्कळ आहेत, पण मी आठ वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे माझं बोलणं शेवटी पैशावरच येणार. गेल्या वार्षिक सभेत गच्चीच्या आणि खांबांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक फ्लॅटमागे ६५,००० रुपये काढायचा विषय निघाला आणि आपण भांडलो. "गाडी घ्यायला पैसे आहेत, सोसायटीला नाहीत," इथपर्यंत गेलं. पंचवीस वर्षांत असं बोलणं आपल्याकडे झालं नव्हतं.

मंडळी, ज्यांनी "परवडत नाही" म्हटलं ते खोटं बोलत नव्हते. थोडा हिशोब मांडतो.

आपली सोसायटी १९९९ साली नोंदली गेली. तेव्हा पीपीएफला वर्षाला १२ टक्के व्याज होतं. १ एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे. म्हणजे पाच लाखांवर तेव्हा वर्षाला ६०,००० मिळाले असते, आता ३५,५००. बँकेच्या ठेवींचीही तीच गत. दुसऱ्या बाजूला महागाई. वर्षाला सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात आणि चोवीस वर्षांत चौपट. म्हणजे शंभराची नोट पंचवीस रुपयांचं काम करते. व्याजावर घर चालवणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो.

खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ ची पेन्शन घ्या. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि तिला महागाई भत्ता नाही. औषधाच्या दुकानातलं बिल मात्र दर महिन्याला वाढतं.

तरुणांचं वेगळं. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलांची फी. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या माणसाला पुढच्या वर्षी काम असेल की नाही, हे ठाऊक नसतं. ज्यांचं आंब्यावर आहे त्यांचा पैसा मार्च ते मे या तीन महिन्यांत येतो, तोही हवामानाने येऊ दिला तर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा जमिनीवर आणला, ते आपण पाहिलंय. मच्छीवर पोट असलेल्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी. रत्नागिरीतली मिळकत अशी हंगामाची, आणि मेंटेनन्सचं बिल मात्र बारमाही.

आता माझी चूक सांगतो. तिच्यासाठीच उभा आहे.

उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी घ्यायचा असतो. आपल्या फ्लॅटचा बांधकाम खर्च तीन लाख. म्हणजे सिंकिंग फंड महिन्याला साडेबासष्ट रुपये आणि दुरुस्ती निधी १८७ रुपये ५० पैसे. दोन्ही मिळून अडीचशे. इमारत नवी कोरी होती. लोक म्हणाले, कशाला एवढे? मी खजिनदार म्हणून ठराव मांडला की, दुरुस्ती निधी तूर्त बंद ठेवावा. टाळ्या पडल्या. ते 'तूर्त' अजून संपलेलं नाही.

अडीचशे रुपये पंचवीस वर्षं घेतले असते, तर फ्लॅटमागे ७५,००० आणि चोवीस फ्लॅटचे अठरा लाख जमले असते, व्याज वेगळं. आज हातात सिंकिंग फंडाचे मुद्दल साडेचार लाख आणि त्यावरचं व्याज एवढंच आहे. दरमहा १८७ रुपये वाचवून मी लोकांचं भलं केलं असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते ओझं मी त्यांच्या म्हातारपणावर ढकललं.

आपल्या आया पावसाआधी आगोट भरायच्या. तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, मसाला, लाकूडफाटा. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, समुद्राची खारी हवा आहे, सिमेंटमधल्या सळ्या गंजतात, प्लॅस्टरचे पोपडे निघतात. इमारतीलाही आगोट लागते. ती मी भरू दिली नाही.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दर महिन्याची मनिऑर्डर थांबली. त्या मे महिन्यात आमची आगोट भरली नाही. शेजारच्या काकींनी एका संध्याकाळी मागच्या दाराने भात आणून ठेवलं. पुढच्या दाराने नाही, मागच्या. गावात कुणाला कळलं नाही, आणि आईची मान खाली गेली नाही.

आणि आपण काय केलं? थकबाकीदारांची नावं जिन्याखालच्या फळ्यावर लावली. त्यातल्या एक ताई आठ दिवस संध्याकाळी खाली बसायला आल्या नाहीत.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. एक, फळ्यावरची नावं आजच काढा. थकबाकी असेल तर सेक्रेटरींनी घरी जाऊन बोलावं. दोन, ज्यांना जमेल त्यांनी ६५,००० एकरकमी द्यावेत. बाकीच्यांना तिमाही ५,००० चे तेरा हप्ते द्या, आणि आंबेवाल्यांना वर्षाचं एकदम मे महिन्यात भरू द्या. थकबाकीवर व्याज लावता येतं, पण लावलंच पाहिजे असं नाही. दर सभेने ठरवायचा असतो. तीन, वास्तुविशारदाचा दाखला आणि सभेचा ठराव घेऊन सिंकिंग फंड वापरा, आणि पावसाआधी फक्त गच्ची आणि खांब करा. रंग राहू दे. ओली भिंत रंगवून कुणाचं भलं झालं नाही. चार, दुरुस्ती निधी पुढच्या महिन्यापासून सुरू करा, आणि तो १९९९ च्या खर्चावर नको, आजच्या दरावर काढा. उपविधींतला पाऊण टक्का हा किमान आहे.

हा चौथा ठराव मांडायचा मान मला द्या. बंद करणारा मीच होतो. माझा पहिला हप्ता मी आज इथेच खजिनदारांकडे देतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण चोवीस अनोळखी माणसं एका छपराखाली आलो. छप्पर गळतंय, ते दुरुस्त होईल. तोवर कुणाला "परवडत नाही" म्हणायची लाज वाटू नये, एवढं सांभाळा.