दगडाची साक्ष
(वनहक्क शिबिरात केलेलं भाषण)



दावा घेऊन गेलं की साहेब पहिलं विचारतात, कागद कुठंय? म्हणून आज लांबच्या एका डोंगराचं सांगतो.

कॅनडा देशात एडझायझा नावाचा ज्वालामुखीचा डोंगर आहे. तो मुलूख टाल्टन आदिवासींचा. डोंगरातून निघालेला तापलेला रस काही ठिकाणी पटकन थंड झाला, त्याची काळी काच झाली. फोडली की वस्तऱ्यासारखी धार निघते. तिथले जुने लोक ती काढून चाकू, बाणाची टोकं करायचे, दूरच्या लोकांना देऊन बदल्यात दुसरा माल घ्यायचे. हे सुमारे १० हजार वर्षांपासूनचं.

प्रत्येक डोंगराच्या काचेतली द्रव्यं वेगळी असतात. म्हणून शेकडो किलोमीटरवर सापडलेलं टोक तपासलं तरी कळतं, हे एडझायझाचं. कागद नव्हता तेव्हाची नोंद दगडात राहिली. १९१० साली टाल्टनांनी जाहीरनामाच काढला, हा मुलूख आमचा.

आपला कायदा पण नुसता कागद मागत नाही. वनहक्क नियम १३ वाचा. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, हे पुरावे आहेत. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब पण पुरावा आहे, फक्त तो दावेदार सोडून दुसऱ्याचा पाहिजे. आणि एकावर थांबू नका, एकाहून जास्त पुरावे जोडा.

तर गावी गेलात की म्हाताऱ्यांना सोबत घेऊन शीव फिरा. प्रत्येक जागेचं नाव ग्रामसभेच्या वहीत लिहा. ही माणसं आहेत तोवर लिहा.

जोहार. जिंदाबाद!