सख्य आणि सर्जन
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुरोगामी चळवळीच्या कार्यक्रमांत स्त्रियांच्या कलेला एक ठरावीक जागा दिलेली असते. सभेपूर्वी स्वागतगीत, व्यासपीठापुढे रांगोळी आणि पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ, एवढे झाले की ‘मुख्य विषया’ला प्रारंभ होतो. गीत म्हणणाऱ्या भगिनी मग एक तर मागच्या रांगेत जाऊन बसतात, नाही तर शिबिराच्या भोजनव्यवस्थेकडे वळतात. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. परंतु कला ही भाकरीचा प्रश्न सुटल्यानंतरची गोष्ट आणि मैत्री ही घरगुती बाब, असा जो समज चळवळीच्या अंगवळणी पडला आहे त्याचे हे दृश्य रूप आहे. हा समज इतिहासाला धरून नाही आणि चळवळीच्या हिताचाही नाही, हे आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

आरंभ जात्यापासून करणे योग्य ठरेल. महाराष्ट्रातील स्त्रीचे सर्वांत विपुल वाङ्मय कोणत्याही छापखान्यात जन्मले नाही; ते पहाटेच्या अंधारात, दळणाच्या कष्टातून जन्मले. जाते जड असेल तर त्याला दोघी लागत. दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत आणि एकीने ओवी उचलली की दुसरी ती पुढे नेई. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकीचा जन्म, पंढरीची वाट, वनवासातील सीता या साऱ्यांना त्या ओवीत जागा होती. पुढे बाबासाहेब आंबेडकरांचे नावही त्याच जात्यावर आले. मराठवाड्यातील दलित स्त्रियांनी भीमरायाच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं या दोघा अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून सहकाऱ्यांच्या साहाय्याने अशा सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या आणि ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमाने २०१७ पासून त्या सर्वांसमोर ठेवण्याचे काम चालविले आहे. एक लाख ओव्या हे एखाद्या प्रतिभावंत व्यक्तीचे काम असू शकत नाही. ते एका श्रमिक वर्गाचे सामुदायिक सर्जन आहे, आणि त्याचा मूळ घटक एकटी कवयित्री हा नसून समोरासमोर बसलेल्या दोघी हा आहे.

या ठिकाणी भाबडेपणा मात्र टाळला पाहिजे. जाते हे काही काव्यमंदिर नव्हते. ते रोजचे, सक्तीचे आणि शरीर झिजविणारे कष्ट होते. पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो योग्यच होता. गिरणीने कष्ट नेले. पण त्याबरोबर दोघींनी एकत्र बसण्याची हक्काची जागाही गेली. ओवी आटली ती स्त्रीची प्रतिभा आटली म्हणून नव्हे, तर तिला व्यक्त होण्यासाठी जी वेळ आणि जी सोबत मिळत होती तिचा आधार नाहीसा झाला म्हणून. श्रम हलके करायचे आणि सोबत मात्र टिकवायची, हा समाजवादी विचाराने स्वतःपुढे ठेवण्याजोगा प्रश्न आहे. बाजारपेठ पहिले काम करते. दुसरे तिच्या हिशेबात बसत नाही.

छापील वाङ्मयाकडे वळले तरी हेच दिसते. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली सुरू झालेली होती. म्हणजे शिकविणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे त्या एकाच वेळी, आणि लोकनिंदा झेलीत करीत होत्या. १८५६ साली आजारपणामुळे माहेरी, नायगावी राहावे लागले असता त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेवर कामाचा भार पडत असेल याची काळजी व्यक्त केली आहे. ही फातिमा म्हणजे त्यांची सहकारी फातिमा शेख. एका माळी स्त्रीने अंथरुणावर पडल्या पडल्या एका मुसलमान स्त्रीच्या श्रमाची आठवण ठेवावी, यात केवळ सौजन्य नाही. एकीच्या गैरहजेरीत दुसरी काम उचलते, म्हणूनच पहिलीला पुन्हा उभे राहता येते. या वातावरणात शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा, मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. ज्यांच्या बाळंतपणाला डोक्यावर छप्परही नाही अशा स्त्रियांचे दुःख त्या कोवळ्या वयाच्या मुलीने मांडले. तिला अक्षरे मिळाली ती शाळेत. पण आपले दुःख लिहिण्याजोगे आहे हा विश्वास तिला शिक्षिकेच्या आचरणातून मिळाला असला पाहिजे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण ताराबाई शिंदे यांचे. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली निघाले. सुरतेच्या एका तरुण विधवेवर चाललेल्या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समग्र स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला बुलढाण्याच्या या स्त्रीने दिलेले ते उत्तर होते. एवढी धारदार गद्यशैली त्या काळी पुरुष लेखकांतही क्वचित आढळते. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही, आणि हे एकमेव पुस्तकही स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत जवळजवळ विस्मृतीत गेले होते. पित्याचा सत्यशोधकी वारसा त्यांना होता, जोतीरावांसारखा समर्थक होता; परंतु त्यांच्याभोवती लिहित्यावाचत्या स्त्रियांचे मंडळ असल्याची कोणतीही खूण मिळत नाही. ज्यांची बाजू मांडली त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना ते पुस्तक वाचताही येत नव्हते. सख्याच्या अभावी एवढी प्रखर लेखणीही एका पुस्तकानंतर थांबू शकते, याची ही नोंद चळवळीने जपून ठेवावी.

त्याच दशकात आनंदीबाई जोशी यांना एक मैत्री समुद्रापलीकडून लाभली. अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी, या हिंदी मुलीला वैद्यक शिकण्याची इच्छा आहे असे वाचून, १८८० साली पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ साली आनंदीबाई परदेशी गेल्या त्या आपल्या या ‘मावशी’च्या घरी. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली व त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. पुढे काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. काशीबाईंनी स्वतः लग्नानंतर, घरातील विरोध सोसून, अक्षरओळख वाढविली होती. एका स्त्रीच्या पत्रांतून दुसऱ्या स्त्रीचे धैर्य घडले आणि तिच्या आयुष्यातून तिसरीच्या हाती चरित्रलेखन आले. प्रेरणा म्हणतात ती अशी हातोहात पुढे जाते. ती आकाशातून पडत नाही.

तथापि ‘भगिनीभाव’ हा शब्द उच्चारताना सावध असले पाहिजे. स्त्री म्हटली की सगळ्या एक, हे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. ज्या मध्यमवर्गीय स्त्रीला लिहिण्यासाठी दुपार मोकळी मिळते, तिच्या घरची भांडी दुसरी एखादी स्त्री घाशीत असते, आणि तिच्या ओव्या उतरून घेण्यास कोणी बसलेले नसते. जातीची भिंत स्त्रियांच्या मैत्रीलाही आडवी येते. पाणवठे वेगळे होते तेव्हा पाणवठ्यावरच्या गप्पाही वेगळ्याच होत्या.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. लहानसे किराणा दुकान चालविताना पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे त्या वाचीत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वहीत लिहीत. त्या वह्या त्यांनी घरच्यांच्या नजरेपासून कित्येक वर्षे लपवून ठेवल्या होत्या. फलटण हीच कर्मभूमी मानणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या विदुषीने त्यांना लेखन प्रसिद्ध करण्याचे प्रोत्साहन दिले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने निघाले. या लेखनात जातीच्या जुलमाबरोबर घरातल्या पुरुषाचा जुलूमही आला आणि तो झाकून ठेवण्याची गरज बेबीताईंना वाटली नाही. सख्य येथे भिंत ओलांडून आले, परंतु त्यासाठी भिंतीपलीकडच्या स्त्रीने आधी ऐकण्याची तयारी दाखविली होती. उपदेशाने हे घडले नसते.

पुढे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी मिळून आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. सभा गाजविणाऱ्या, सत्याग्रहात तुरुंगात जाणाऱ्या या स्त्रियांची नावे तोवर त्यांच्या स्वतःच्या चळवळीच्या इतिहासातही अभावानेच आढळत. ऊर्मिला पवार यांचे आत्मकथन ‘आयदान’ २००३ साली आले. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी. आईने ती विणून मुले वाढविली, आणि आपल्या लेखनाची वीण त्या विणीशी नाते सांगते, असे लेखिकेने मानले. श्रम आणि कला यांच्या नात्याविषयी ग्रंथोक्त सिद्धांत पुष्कळ आहेत. त्या एका शब्दात ते नाते अधिक नेमके सापडते.

समाजवादी चळवळीला तर हा विषय परका असण्याचे काहीच कारण नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आणि महागाईच्या दिवसांत मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. पुरुष नेत्यांना जी डाव्यांची एकजूट ठराव करकरूनही साधली नाही, ती या स्त्रियांनी तेल, साखर आणि धान्याच्या प्रश्नावर करून दाखविली. त्या आंदोलनात लाटणे हे निशाण झाले. ते कोणा चित्रकाराने रेखाटून दिलेले नव्हते. स्वयंपाकघरात बायांच्या हाताला रोज लागणारी वस्तू त्यांनीच रस्त्यावर आणली आणि तिचा अर्थ पालटून टाकला. ही सर्जनशीलता नव्हे तर दुसरे काय?

१९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने हीच वाट रंगमंचावर नेली. ज्योती म्हापसेकर या व्यवसायाने ग्रंथपाल. त्यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ साली उभे राहिले. त्यात कामे करणाऱ्या स्त्रिया नोकरी, घर आणि मुले सांभाळून तालमीला येत. मोठे नेपथ्य नाही, झगमगाट नाही. लोकगीतांची चाल आणि एकमेकींना धरून उभा राहिलेला स्त्रियांचा समूह. महाराष्ट्रातल्या गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांत ते नाटक गेले, इतर भाषांतही पोचले. ते पाहून प्रेक्षकांतील एखादी स्त्री आपली कहाणी सांगू लागे तेव्हा नाटक खऱ्या अर्थाने पुरे होत असे.

एक इशाराही लक्षात ठेवावा लागेल. वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम परंपरेने सवासिणींचे. धवलेरी गाणी गाते आणि बाया मिळून चौक काढतात. १९७० नंतर हे चित्र भिंतीवरून कागदावर आले, त्याला बाजारात किंमत आली, तेव्हा नावलौकिक मिळाला तो प्रामुख्याने पुरुष चित्रकारांना. त्या कलावंतांची थोरवी याने उणी होत नाही. परंतु सामुदायिक कलेला पैसा मिळू लागला की तिच्यावरील स्त्रियांचा हक्क मागे का पडतो, हा प्रश्न मालमत्तेच्या हक्काचाच एक भाग आहे. आणि त्याचे उत्तर अर्थशास्त्राकडेच मागितले पाहिजे.

तेव्हा पक्षशाखांनी काय करावे? ठराव पुष्कळ झाले आहेत. साध्या चार गोष्टी पुरे आहेत. शिबिराचा स्वयंपाक पाळीपाळीने सर्वांनी करावा आणि मुले सांभाळण्याची व्यवस्था पुरुष कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावी, म्हणजे चर्चेच्या वेळी स्त्रिया चर्चेत असतील. शाखेच्या कार्यालयाची किल्ली आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतील स्त्रियांच्या हाती द्यावी आणि त्या तेथे काय करतात याचा अहवाल मागू नये. गावातील वयोवृद्ध स्त्रियांच्या ओव्या, गाणी आणि चळवळीतील आठवणी त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवाव्यात. त्यांतील कित्येक स्त्रिया आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे उरलेले नाही. आणि पक्षाच्या साप्ताहिकाने लेखिकांची प्रतीक्षा ८ मार्चच्या अंकापुरती करू नये.

या चार गोष्टींनी क्रांती होणार नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु जात्यावर समोर कोणी बसले नसते तर एवढी ओवी झाली नसती, आणि वही लपवून ठेवणाऱ्या स्त्रीला कोणी ‘वाचून दाखवा’ असे म्हटले नसते तर एका समाजाचे जिणे अंधारातच राहिले असते. प्रत्येक शाखेच्या परिसरात अशी एखादी वही आज कोठेतरी लपलेली आहे. ती मागण्यासाठी जी स्त्री जाईल तिची पक्षाने पाठराखण करावी. तिच्या वाट्याचे काम तेवढा वेळ दुसऱ्या कोणी करावे.