पन्नालाल घोष आणि मैफलीची बांसरी

बांसरी हें वाद्य लोकांना जितकें परिचित, तितकेंच एके काळीं मैफलीला परकें होतें. देवळांतील मूर्तीच्या ओठांशीं, गुराख्याच्या हातांत, जत्रेंतील विक्रेत्याच्या टोपलींत ती सर्वत्र दिसे. परंतु ख्यालगायक आणि बीनकार ज्या बैठकींत मानानें बसत, तेथें तिला स्थान नव्हतें. याला केवळ रसिकांचा पूर्वग्रह कारण नव्हता. त्या वेळची बांसरी बहुधा आखूड आणि तिचा आवाज उंच असे. एखादी धून तिच्यावर खुलून दिसे. पण दरबारीसारखा गंभीर राग खर्जापासून सावकाश उलगडावयाचा म्हटला म्हणजे तिचा आवांका अपुरा पडे. ही उणीव भरून काढण्यासाठीं ज्या कलावंतानें आपलें आयुष्य वेंचलें, त्याचें नांव पन्नालाल घोष.

पन्नालालांचा जन्म २४ जुलै १९११ रोजीं बारिसाल येथें झाला. हें गांव आज बांगला देशांत आहे. वडील अक्षयकुमार सतार वाजवीत असत, आणि धाकटे बंधु निखिल घोष हे पुढें तबलावादक व संगीतशिक्षक म्हणून मुंबईंत नांवारूपास आले. घरांत सूर होता, आणि तरुणपणीं पन्नालालांनीं व्यायाम व मुष्टियुद्ध यांत शरीरही कसलें होतें. पुढें ज्या बांसरीची त्यांनीं निवड केली, तिला लागणाऱ्या दमाचा विचार केला असतां ही तयारी वायां गेली असें म्हणतां येणार नाहीं.

कलकत्त्यास आल्यावर बोलपटांच्या वाद्यवृंदांत त्यांना काम मिळालें. परंतु शास्त्रोक्त संगीत शिकावयाचें तर कोणाकडे, हा प्रश्न होताच. सतारीला, सरोदाला, सारंगीला घराणीं होतीं. त्यांचीं मुलें वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकत. मैफलीच्या बांसरीला असें घराणें कोठून असणार? पन्नालालांचे पहिले मोठे गुरु खुशी महंमद खां हे हार्मोनियमवादक. त्यांच्यानंतर त्यांनीं गिरिजाशंकर चक्रवर्ती या गायकांकडे विद्या घेतली. पुढें १९४७ सालीं, स्वतःचें नांव सर्वत्र झालेलें असतां, मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खां यांचें शिष्यत्व त्यांनीं पत्करलें. या तिघांपैकीं कोणाचीही कीर्ति बांसरीसाठीं नव्हती. गुरूंनीं राग दिला, आलापीची शिस्त दिली, लय दिली. पण तें सारें बांबूच्या पोकळ नळींतून कसें काढावयाचें, याचें उत्तर शिष्याला एकट्यानेंच शोधावें लागलें.

हें उत्तर शोधतांना त्यांना वाद्यच बदलावें लागलें. नळींतील हवेचा स्तंभ जितका लांब, तितका सूर खालचा. म्हणून त्यांनीं बांसरीची लांबी वाढवीत सुमारें ३२ इंचांपर्यंत नेली. लांबीबरोबर छिद्रांमधील अंतर वाढतें. तीं मग बोटांच्या टोंकांनीं नव्हे, तर पेरांनीं झांकावीं लागतात, आणि फुंकही भरपूर पण मोजकी द्यावी लागते. ती किंचित् उणी पडली कीं सूर बसतो, अधिक झाली कीं सूर एकदम वरच्या सप्तकांत उडतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती. सहा छिद्रांच्या बांसरींत सगळीं छिद्रें मोकळीं केलीं म्हणजे तीव्र मध्यम निघतो. त्याच्या लगतचा पंचम हवा असल्यास तींच सर्व छिद्रें झांकून फुंक जोरानें द्यावी लागते. दोन सूर शेजारी, पण एकाच्या वेळीं सर्व बोटें वर आणि दुसऱ्याच्या वेळीं सर्व खालीं. गळा जेथें एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरतो, तेथें बांसरीला उडी मारावी लागे. आणि यमन, श्री, पूरियाधनाश्री यांसारख्या रागांत नेमकी हीच जागा मोलाची असते. पन्नालालांनीं नळीच्या खालच्या टोंकाकडे करंगळीसाठीं सातवें छिद्र पाडलें. आतां सातही छिद्रें झांकून तीव्र मध्यम घ्यावा आणि करंगळी हळूंच उचलीत पंचमावर यावें; सूर कोठेंही तुटत नाहीं. छिद्र एकच वाढलें, पण त्यामुळें गळ्याची एक महत्त्वाची मींड बांसरीला साधली.

१९४० सालीं पन्नालाल मुंबईस आले. बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ या १९४२ सालच्या बोलपटाला संगीतकार म्हणून त्यांचें नांव आहे. बोलपटांनीं चरितार्थ चालविला. मैफलींनीं आणि नभोवाणीनें त्यांची विलंबित ख्यालाच्या अंगाची बांसरी दूरवर पोंचविली. नूपुरध्वनि, चंद्रमौली, दीपावली हे नवे रागही त्यांनीं बांधले. परंतु वादकाची कीर्ति ही त्याच्या श्वासाबरोबर संपणारी गोष्ट आहे. आपल्याला जो मार्ग चांचपडत शोधावा लागला, तो पुढच्यांनाही तसाच शोधावा लागला, तर बांसरी पुन्हां बैठकीबाहेर जाण्यास कितीसा वेळ लागणार? म्हणून त्यांच्या शिकविण्याचें मोल त्यांच्या वादनाहून कमी मानतां येत नाहीं.

बांसरी शिकविणें हें कामही सोपें नाहीं. सतारीच्या पडद्यावरील बोट गुरूला दिसतें, चुकलें तर धरून जागेवर ठेवतां येतें. बांसरींत अर्धें काम ओठांच्या आंत आणि छातींत चालतें. तें डोळ्यांना दिसत नाहीं. गुरूनें एक सूर लावावयाचा, शिष्यानें तो ऐकून लावावयाचा, आणि दोन सूर एकजीव होईपर्यंत हेंच पुनःपुन्हां करावयाचें. स्वतः पन्नालालांना अशा रीतीनें समोर बसून बांसरीचा सूर देणारा उस्ताद लाभला नव्हता. त्यांच्या शिष्यांना तो लाभला. देवेंद्र मुर्डेश्वर, जे पुढें त्यांचे जांवई झाले, व्ही. जी. कर्नाड, हरिपद चौधरी, रघुनाथ सेठ यांनीं ही विद्या प्रत्यक्ष घेतली. पुण्याचे केशव गिंडे हे मुर्डेश्वरांकडे शिकले. ज्या वाद्याला घराणें नव्हतें, त्याला अशा रीतीनें शिष्यपरंपरा मिळाली.

१९५६ सालीं दिल्लीस आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाची सूत्रें त्यांच्याकडे आलीं. तेथेंच २० एप्रिल १९६० रोजीं त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांना एकोणपन्नासावें वर्ष चालूं होतें. मैफलींत पिकण्याचें वय खरें तर त्यानंतरचें; तें त्यांना मिळालें नाहीं.

पण बांसरी मागें हटली नाहीं. अलाहाबादचे हरिप्रसाद चौरसिया १९५७ सालीं कटकच्या आकाशवाणी केंद्रांत रुजू झाले, पुढें मुंबईस आले आणि बाबा अल्लाउद्दीन खां यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांच्याकडे शिकले. त्यांनीं सहा छिद्रांचीच बांसरी ठेवली आणि वादनाचा ढंगही वेगळा घडविला. मुंबईस गुरुकुल काढून शिष्यांना तयार करण्याचें कामही केलें. पन्नालालांच्या परंपरेहून त्यांची वाट निराळी. तरी मैफलीच्या मध्यभागीं बांसरीवादकासाठीं जी जागा त्यांना तयार मिळाली, ती कोणीतरी आधीं झाडून, सतरंजी अंथरून ठेवलेली होती. बांबू उन्हानें तडकतो, पावसानें फुगतो. उत्तम बांसरीही फार दिवस टिकेलच असें नाहीं. पन्नालालांनीं शिष्यांच्या कानांत आणि बोटांत जें ठेवलें, तें मात्र आज त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांकडून ऐकावयास मिळतें.