आधी प्रतिकृती, मग पायाभरणी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



देवळाच्या कामात नकाशा सर्वांना दाखवला जातो, माना सर्वांच्या हलतात, परंतु तो समजतो मोजक्यांनाच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातील गावांना नकाशाची ताकद कळली. कागदावरची रेघ कोणाच्या शेतातून जाते, हे पुष्कळदा रेघ आखून झाल्यावरच समजते. म्हणून बांधकामापूर्वी छोटी प्रतिकृती करणे अगत्याचे आहे. ती वाचावी लागत नाही, डोळ्यांनी दिसते.

ही कला आपल्याला परकी नाही. दिवाळीत मुले अंगणात मातीचा रायगड उभारतात. गणपतीसाठी घरोघरी देवळासारखी मखरे होत. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून पुठ्ठा व कागद पुन्हा हाती आले. आपल्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधले. त्याच्या शिखरावर लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती रांगेने कोरलेल्या आहेत.

प्रतिकृतीचा प्राण म्हणजे प्रमाण. एकास पन्नास प्रमाण धरले तर ५० फुटांचे शिखर १ फुटाचे होते आणि सव्वापाच फुटांचा माणूस सव्वा इंचाचा. तीन फुटांचा प्रदक्षिणामार्ग पाऊण इंचाहूनही थोडा कमी भरतो. त्यात दोन पुठ्ठ्याची माणसे समोरासमोर उभी करा. आरतीचे ताट घेऊन येणाऱ्या बाईला वाट मिळेल की नाही, हे गावातली आजीसुद्धा सांगू शकेल. हीच सूचना भिंत उभी राहिल्यावर आली, तर देणगीदारांचा पैसा पाडकामात जातो.

हाताने करायचे तर पुठ्ठा, पोलादी पट्टी, धारदार कटर व फेविकॉल पुरे. एका दमात कापू नये. हलक्या हाताने दोन-तीनदा पाते फिरवावे, म्हणजे कड फाटत नाही. आता संगणकावर आराखडा करून लेसर यंत्राने पातळ प्लायवूड कापता येते. लेसरचा किरण स्वतःच्या जाडीएवढे लाकूड जाळतो. तेवढी सूट धरली नाही तर सांधे सैल पडतात. थ्रीडी प्रिंटर प्लॅस्टिकचे थरावर थर देऊन कळसाचे नक्षीकाम घडवतो. तरीही दोन इंची कठडा येथे एक मिलिमीटरचा होतो आणि बोट लागताच मोडतो. तेथे अनुभवी हातच ठरवतो, काय दाखवायचे आणि काय सोडायचे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुठ्ठ्याचे शिखर टेबलावर ताठ उभे राहिले म्हणून दगडाचे राहीलच असे नाही. प्रत्येक बाजू ५० पट वाढली की पायाचे क्षेत्र २,५०० पट वाढते, पण घनफळ १,२५,००० पट. म्हणजे दगड तोच धरला तरी पायाच्या प्रत्येक इंचावर ५० पट भार येतो. हा हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.

काम झाल्यावर प्रतिकृती माळ्यावर टाकू नये. स्पेनमधील बार्सिलोना येथे गौडी या वास्तुकाराने एका भव्य चर्चच्या प्लास्टरच्या प्रतिकृती केल्या होत्या. तो १९२६ साली वारला. १९३६ च्या यादवीत त्या प्रतिकृती फोडल्या गेल्या. पुढच्या पिढ्यांनी तुकडे जुळवून, आणि नंतर संगणकाची मदत घेऊन, त्याचे काम पुढे नेले. तुकड्यांचा एवढा उपयोग झाला, तर अखंड प्रतिकृतीचा किती होईल!

देऊळ पैशाने उभे राहते, पण ते गावाचे होते ते सर्वांच्या संमतीने. आणि जे नीट दिसले, त्यालाच खरी संमती देता येते. म्हणून सभामंडपाच्या कोपऱ्यात काचेच्या पेटीत प्रतिकृती ठेवावी, शेजारी मापे लिहावीत. पुढचा जीर्णोद्धार ज्यांच्या हातून होईल, त्यांच्यासाठी ती आजच्या पिढीची देणगीच ठरेल.