हमरापूरचा श्वास कोणी मोजायचा?

पनवेल–रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर हे लहानसे स्थानक लागते. हे गाव आणि आसपासची जोहे, कळवे, दादर, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ओळखली जातात. भाद्रपदात मुंबई-पुण्याच्या घराघरांत बसणाऱ्या मूर्तींचा मोठा हिस्सा या परिसरातून जातो. समुद्रापलीकडच्या मराठी कुटुंबांच्या मूर्ती तर कित्येक महिने आधीच रवाना होतात. त्या मूर्तीच्या सुबकतेविषयी पुष्कळ बोलले जाते. ती घडविणाऱ्या माणसाच्या श्वासाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आरोग्य, यंत्रे आणि दैनंदिन जीवन यांचा संबंध समजून घ्यायचा, तर या श्वासापासूनच आरंभ केला पाहिजे.

शाडूची मूर्ती जड असते, सावकाश वाळते आणि वाटेत भंगण्याचे भय असते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम हे खनिज भाजून केलेली भुकटी. ती पाण्यात कालवून, काथ्याचा आधार देऊन रबरी साच्यात ओतली, की थोड्याच वेळात घट्ट होते. मूर्ती हलकी होते, उत्पादन वाढते आणि दूरची बाजारपेठ हाती येते. प्लॅस्टरमुळे कामाची वाटणीही बदलली. साचा ओतणारे वेगळे, सांधे भरणारे वेगळे, पॉलिश पेपरने घासणारे वेगळे, फवाऱ्याने रंग देणारे वेगळे, आणि डोळ्यांची आखणी करणारा कसबी कारागीर वेगळा. घासकामावर प्रामुख्याने स्त्रिया असतात. कोरडे प्लॅस्टर घासले, की पांढरी धूळ उडते, आणि पावसाळ्यात कारखाना चहूकडून झाकून घेतला, की ती आतच राहते. रंगकामाच्या जागी थिनरचा दर्प तिच्यात मिसळतो.

या धुळीविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. दगडखाणीतील सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसाची जी कायमची हानी होते, तिच्याशी प्लॅस्टरची बरोबरी करता येणार नाही. परंतु डोळे, नाक, घसा आणि श्वासनलिका यांचा दाह ती निश्चितपणे करते. दमेकऱ्याचा त्रास वाढविते. थिनरच्या वाफेने डोके दुखते, घेरी येते. ही गोष्ट नव्याने शोधून काढलेली नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात कुंभार, रंगारी आणि जिप्सम व चुन्याचे काम करणारे यांच्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न वैद्याने जोडला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

तीन शतके लोटली. आज खोकणारी बाई दवाखान्यात गेली, तर तिची छाती तपासली जाते, रक्त व थुंकी तपासली जाते, क्ष-किरण चित्र काढले जाते. यांतील प्रत्येक साधन उपयुक्त आहे. विज्ञानाला नावे ठेवणे हे समाजवादी विचाराचे काम नव्हे. परंतु ही सारी साधने तिच्या शरीरापाशी येऊन थांबतात. ती ज्या पत्र्याच्या छपराखाली दिवसभर बसते, तेथवर त्यांतील एकही पोहोचत नाही. औषध घेऊन ती पुन्हा त्याच धुळीत बसते. खोकला तिचा, औषधाचा खर्च तिचा आणि बुडालेली मजुरीही तिचीच.

शासनाच्या योजनांचेही वळण असेच आहे. राजीव गांधी जीवनदायी योजनेचा आरंभ २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या मोठ्या उपचारांचा खर्च ती देते, आणि अनेक कुटुंबांना तिने कर्जातून वाचविले आहे. परंतु दाखल होण्याची पाळी येऊ नये म्हणून छपराला जो धूळ ओढणारा पंखा बसवायला हवा, त्याची तरतूद विमायोजनेत असू शकत नाही.

याहून बोलके उदाहरण आशा सेविकेच्या हातातील अर्जाचे आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी भरावयाच्या या अर्जात चुलीच्या इंधनाचा प्रश्न आहे, आणि धूर, वायू व धूळ असलेल्या कामाचाही आहे. म्हणजे रामाझ्झिनीचा प्रश्न अखेर आशाताईच्या अर्जात येऊन पोहोचला. पण उत्तर त्या एका व्यक्तीच्या नावे जमा होते. तिला तपासणीस जाण्याचा सल्ला मिळतो, आणि ज्या छपराखाली ती बसते ते छप्पर जसेच्या तसे राहते. एकाच छपराखालच्या बारा बायकांनी ‘होय’ म्हटले, तर ते बारा बायकांचे बारा दुखणे ठरते. एका छपराचा दोष ठरत नाही.

हे असेच चालावे, असा निसर्गनियम नाही. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील मांडव्याच्या परिसरात, शल्यचिकित्सक डॉ. नोशिर अंतिया यांनी सत्तरीच्या दशकात एक प्रयोग केला. गावातल्याच, अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना त्यांनी क्षय, कुष्ठरोग व नेहमीचे आजार ओळखण्यास आणि औषधोपचार पुरा करून घेण्यास शिकविले. त्यांनी ते काम उत्तम केले. ज्ञान डॉक्टरांच्या पदवीत कोंडलेले नसते, याची ती प्रचीती होती. परंतु हे ज्ञान खाली उतरू लागताच स्थानिक पुढारी आणि सरकारी आरोग्य यंत्रणा यांतील हितसंबंध दुखावले, आणि ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात प्रयोग आटोपता घ्यावा लागला.

त्याच काळात, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, जनता सरकारने गावोगावी लोकांनी निवडलेला आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केली. आरोग्यमंत्री समाजवादी नेते राजनारायण होते. कल्पना लोकशाहीवादी होती. पण निवड बहुधा पुरुषांची झाली आणि मानधन महिना पन्नास रुपयांवर थांबले. २००५ नंतर आलेली आशा सेविका ही स्त्री आहे, आणि तिच्यावर कामाचा भार कितीतरी अधिक आहे. तरी शासनाच्या लेखी ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविकाच. महाराष्ट्रातील आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संप करावा लागला तो यामुळेच. तिचाच रोजगार असुरक्षित, तर कारखान्याच्या धुळीविरुद्ध तिने उभे राहावे कसे?

म्हणून हमरापूरसारख्या ठिकाणी चळवळीने एक साधी गोष्ट हाती घ्यावी. जोराने फुंकर मारून श्वासाचा वेग मोजणारी, हातात मावणारी एक नळी असते. ती स्वस्त आहे आणि एका बैठकीत शिकता येते. दम्याचे मूळ कामात आहे की काय, हे ठरविण्यासाठी डॉक्टर रुग्णाला कामाच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशी, दिवसातून अनेकदा, याच नळीने मोजमाप घ्यावयास सांगतात. हे आकडे दवाखान्याच्या कागदात राहिले, तर ते एका रुग्णाचे राहतात. छपराखालच्या साऱ्या कामगारांनी ते घेतले आणि भिंतीवरच्या तक्त्यावर मांडले, सुटीला वर जाणारी व कामाला खाली येणारी रेघ सर्वांची एकसारखी निघाली, तर तो कामाच्या जागेविरुद्धचा पुरावा होतो. यंत्र तेच, फक्त ते कोणाच्या हाती आहे एवढाच फरक. नावे जाहीर न करता, प्रत्येकीच्या संमतीने हे करता येईल.

पुराव्यानंतर मागणी आलीच. १९४८ च्या केंद्रीय कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना वीस कामगार ही मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या संहितेने ती वीस आणि चाळीस केली. त्यामुळे लहान मूर्तिकारखान्याची कारखाना म्हणून गणना होणे आणखी दुरापास्त झाले. मात्र सामाजिक सुरक्षा संहितेत एक वाट आहे. केंद्राने एखादे काम धोकादायक म्हणून अधिसूचित केले, तर एकच कामगार असलेल्या ठिकाणीही राज्य कामगार विमा लागू होऊ शकतो. कोरडे घासकाम आणि फवाऱ्याचे रंगकाम यांसाठी ही अधिसूचना मागावी.

मालकही येथे पुष्कळदा कर्जबाजारी कारागीर असतो, आणि तोच श्वास घेतो. त्याच्याशी शत्रुत्व करून प्रश्न सुटणार नाही. मूर्तीचा भाव शहरातला व्यापारी ठरवितो. यास्तव माथाडी कामगारांसाठी १९६९ च्या कायद्याने जशी मंडळे उभी राहिली आणि मजुरीबरोबर आकारणी झाली, तशी मूर्तीमागे आकारणी व्यापाऱ्याकडून घ्यावी, आणि त्यातून ओले घासकाम, धूळ ओढणारे पंखे व वेगळी रंगखोली यांची सामाईक सोय करावी. केवळ तोंडाला फडके बांधण्याचा उपदेश म्हणजे श्रावणाच्या उकाड्यात पुन्हा सारा भार तिच्याच नाकावर टाकणे होय.

प्लॅस्टरबंदीचा वाद २०२० पासून गाजतो आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास वाट मोकळी केली, पण विसर्जनाचा प्रश्न राहिलाच. या वादात एका बाजूला नदी व समुद्र होते, दुसऱ्या बाजूला पोटापाण्याचा धंदा. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. पण पाण्यात विरघळण्यापूर्वी ते प्लॅस्टर कोणाच्या तरी छातीत जाऊन येते, ही तिसरी गोष्टही तितकीच खरी आहे. ती मांडण्याचे काम न्यायालय करणार नाही, दवाखाना करणार नाही. साथींनो, ते छपराखाली बसणाऱ्या बायकांनीच करावयाचे आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्याने नळी व तक्ता घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसावयाचे आहे.