चार चुडांमधली गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



शेतीसुधारणेविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी विद्यापीठात शिकलेली नाही. पण लावणीत वाकून ज्यांची कंबर धरते त्यांपैकी एक आहे, त्या हक्काने बोलते.

१९५२ साली समाज विकास योजना निघाली, पाठोपाठ ग्रामसेवक गावोगाव हिंडू लागले. १९७२ साली दापोलीस कृषी विद्यापीठ झाले. शास्त्र बांधापर्यंत आले खरे. मात्र सल्ला मिळे तो बहुधा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. आणि लावणी कोण करते? आपण!

डॉ. एन. के. सावंत यांनी सांगितलेली भाताची चारसूत्री पद्धत घ्या. रोपांच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख घालायची. चिखलणीआधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला शेतात पसरायचा. दोरी धरून १५ सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड लावायचे व पुढला चौकोन २५ सेंटिमीटर सोडून घ्यायचा. आणि त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. गोळीचे वजन पावणेतीन ग्रॅमही नाही. पण आपल्या कोकणातल्या पावसात फोकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते, काही हवेत उडते. चिखलात पुरलेली गोळी मुळांशी राहते आणि हळूहळू लागू पडते. त्यामुळे खत कमी पुरते.

आता पाहा, यातली शेवटली दोन सूत्रे बायकांच्या हातची. गुंठ्याला सुमारे सव्वासहाशे गोळ्या! एवढ्या वेळा बोटे चिखलात घालायची. हे कागदावर छापून वाटल्याने होत नाही. सल्ला देणाऱ्याने पहिल्या दिवशी पायजमा वर करून शेतात उतरावे, दोरी धरावी, मग बोलावे. हात बसेपर्यंत काम हळू चालते. उक्त्याने लावणी घेणाऱ्या बाईने तो तोटा का सोसावा? तेवढे दोन दिवस रोजाने मजुरी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकांना ते रुचो वा न रुचो.

दुसरी गोष्ट गोळीची. लावणीच्या दिवशी गोळी हाताशी नसेल, तर चौथे सूत्र वहीतच राहते. नुसता युरिया व डीएपी दुकानी मिळून भागत नाही, गोळ्या करायला यंत्र लागते. एका घराला ते परवडणार नाही, बचत गटाला परवडू शकेल. त्यासाठी कर्जाचा अर्ज, यंत्र चालवायचे शिक्षण, खताचा साठा, या प्रत्येक पायरीला कृषी कार्यालयाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा हात हवा. सल्ला आणि सामान एकाच बैलगाडीतून यायला हवे.

किसान कॉल सेंटरला कोणीही विचारू शकते. घरधन्याचेच नाव सांगावे लागत नाही.

तेव्हा ज्यांना यंदा दोन-चार गुंठ्यांवर करून पाहायचे असेल, त्यांनी रोहिणी नक्षत्र लागण्याआधी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. तूस भाजून ठेवायला तेवढेच दिवस आहेत.