सालईचा डिंक आणि पेशींतील दाह
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे की शास्त्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर, आणि सारी हयात केंद्र सरकारच्या फाइलींत गेलेली. तरीही हा विषय निवडला, कारण आपल्या मंडळात गुडघे धरून जिना चढणाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे आणि सालईच्या गोळ्यांची शिफारस चहापानाच्या वेळी सर्रास होते. त्या गोळीत काय असते आणि ती पेशीत जाऊन काय करते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सातपुडा, विंध्य, अरवली यांच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर सालई वाढते. संस्कृतात ती शल्लकी. हत्तीस प्रिय म्हणून ‘गजभक्ष्या’ हेही तिचेच नाव. मध्य प्रदेशातील नेपानगरच्या गिरणीने तिच्या मऊ लाकडाचा वर्तमानपत्री कागद केला, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांनी नकळत सालई वाचलेली आहे! बुंध्याची साल तासली की चिकट राळ पाझरते आणि वाळून तिचे पिवळसर खडे होतात. बाजारात यास सालई गुग्गुळ म्हणतात. खरा गुग्गुळ मात्र निराळ्या झाडाचा.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील जी. बी. सिंग व सी. के. अटल यांनी १९८६ साली या राळेच्या अर्काचे दाहशामक गुण शोधनिबंधातून मांडले. प्राण्यांवरील प्रयोगांत सूज कमी झाली. ती कशामुळे, हा प्रश्न उरला.

पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल नावाचे एक स्निग्ध आम्ल साठविलेले असते. इजा झाली की ते सुटे होते आणि त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एका वाटेवर प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. ॲस्पिरिन ही वाट अडविते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. जठराच्या अस्तराचे रक्षणही प्रोस्टाग्लँडिनेच करीत असल्याने ॲस्पिरिन पोटाला बाधते. दुसऱ्या वाटेवर पाच-लायपॉक्सिजनेज हे विकर, म्हणजे एंझाइम, बसलेले असते. त्याच्या हातून ल्यूकोट्राइने तयार होतात. त्यांतील एक प्रकार पांढऱ्या पेशींना सांध्याकडे बोलावून घेतो, त्या आणखी पेशींना बोलावतात, आणि सूज वाढतच जाते. आमच्या कचेरीत एका टेबलावरून सुटलेली फाइल दहा टेबलांना कामाला लावते, तसाच हा प्रकार.

सालईतील बोस्वेलिक आम्ले या दुसऱ्या वाटेवरील विकरालाच रोखतात, असे जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांना १९९०च्या दशकाच्या आरंभी आढळले. २०२० साली सालईच्या आम्लासह त्या विकराची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा अधिक नवल कळले. सालईचे आम्ल विकराच्या कार्यस्थानी बसतच नाही. तेथून बऱ्याच अंतरावर, रेणूच्या दोन भागांमधील फटीत पाचरीसारखे रुतते. त्यामुळे विकराचे काम केवळ मंदावत नाही, तर त्यातून निघणारा मालही बदलतो.

येथवर सारे सुरस आहे. पण हे घडते काचपात्रात. आम्ल रक्तात मिसळले की रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवते. २००९ साली पूर्ण रक्तावर केलेल्या प्रयोगात विकरावरील हा प्रभाव जवळजवळ दिसेनासा झाला. संशोधकांनी मग अन्य लक्ष्ये शोधली आणि दाहात भाग घेणारी आणखी काही विकरे त्यांच्या हाती लागली. म्हणजे सालईचा गुण नाकारला गेला असे नव्हे; त्याचे आरंभीचे सोपे स्पष्टीकरण अपुरे ठरले. आणखी एक अडचण अशी की हे आम्ल आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. स्निग्ध आहाराबरोबर घेतल्यास ते प्रमाण कितीतरी वाढते. उपाशीपोटी गोळी घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मग माणसाला उपयोग होतो काय? २००३ साली नागपूरच्या डॉक्टरांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. गुडघ्याची झीज झालेले तीस रुग्ण, आठ आठवडे अर्क किंवा बिनऔषधी गोळी, आणि नंतर अदलाबदल. अर्क घेताना वेदना व सूज कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला. क्ष-किरण चित्रात मात्र सांधा होता तसाच राहिला. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवते, असे सांगणाऱ्या जाहिरातींपुढे हे एवढे वाक्य ठेवावे.

याहून गंभीर गोष्ट संधिवाताची, म्हणजे ज्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठते त्या विकाराची. जर्मनीत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना चालू औषधांच्या जोडीला सालईच्या गोळ्या दिल्या, तेव्हा बिनऔषधी गोळीपेक्षा मोजण्याजोगा लाभ दिसला नाही. या विकारात डॉक्टरांचे औषध सोडून केवळ सालईवर विसंबणाऱ्यांना काही महिने ठणक कमी वाटेलही. पण तेवढ्या काळात आत हाड पोखरले जाते, आणि बोटे एकदा वाकडी झाली की कोणत्याही झाडाचा डिंक ती सरळ करीत नाही. आपल्यापैकी ज्यांना ही औषधे चालू आहेत, त्यांनी सालई घ्यावयाची तर ती डॉक्टरांना सांगून, औषधाच्या जोडीने घ्यावी.